दुसरा गिअर, गार

मुरादला फोनवर बजावलं होतं:
राखाडी गाडी मी येईपर्यंत चालू करायची नाही.
डिसेंबर, पहाटे सहा, वादी कबीर. शटर अर्धं वर.
इंजिन मागे असतं हिचं, म्हणून मागच्या झाकणावर
हात ठेवला, तापकऱ्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
गरम.

“जागा बदलली फक्त, मॅडम.”
बरं. करक सांग, साखर कमी.
निवेपर्यंत मी आहे इथेच.

तोवर पिवळी.
दोघी एकाच जर्मन घराण्यातल्या, ही एकाहत्तरची, ती त्र्याहत्तरची;
मधल्या दोन वर्षांत कुणीतरी पहिल्या गिअरचं घर बदललं.
पिवळीत तो डावीकडे खाली, अडगळीच्या खोलीत,
आणि त्याच्या डोक्यावर रिव्हर्स,
म्हणजे सिग्नलला घाई केली की मागच्याचा बंपर आपला.
पण दुसरा-तिसरा समोरासमोर, एका सरळ ओढीत;
कंताबच्या चढाला मनगटाला काही विचारावं लागत नाही.
दांडा लांब. खोल पातेल्यात पळी फिरवावी तसा:
तळाला काय लागलंय ते कळतं, जरा उशिरा.
पिवळी गार होती आणि खरं बोलत होती.
तिची फरशीही खरं बोलली: मत्रहचं खारं वारं, आरपार.
क्लचपाशी भोकातून रस्ता दिसत होता.

दीड तास. दोन करक.
राखाडी निवली.
हिचा नकाशा सगळ्यांना येतो तोच, पहिला वर, दुसरा खाली,
पाचवा तेवढा उजवीकडे वर,
गच्चीवर झोपवलेल्या पाहुण्यासारखा.
पहिला गेला.
दुसरा...
करक संपला होता, करकर सुरू झाली.

“तेल गार आहे. तापलं की लोणी.”
तेच बघायला आले होते, बाबा.

आता हे सांगायला हवं की मला येत होतं.
निपाणी ते कोल्हापूर, तंबाखूची बोदं,
सिंक्रो कशाशी खातात हे ठाऊक नसलेला ट्रक.
मी अकरा वर्षांची, अप्पांच्या डावीकडे.
क्लचवर पाय त्यांचा, दांड्यावर उजवा हात माझा:
दाब, न्यूट्रल, सोड, दाब, घाल.
न्यूट्रलमध्ये एक श्वास.
आवाज झाला की म्हणायचे,
“गिअरची चूक नसते कधी. हाताची असते.”

म्हणून मस्कतला आले तेव्हा
बाकीचे डावं-उजवं करत चाचपडले, मी नाही.
आणि म्हणूनच तीस वर्षं, साइटवर, घरी,
कुठे काही करकरलं की आधी
स्वतःचाच हात तपासला.
कुणाला ऐकू जायच्या आत
एक श्वास, एक जास्तीचा क्लच. झालं. गप्प.

मुरादसमोर मी तो मारला नाही.
तीनदा घातला. तीनदा दाते वाजू दिले.
पलीकडच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली.
अप्पा, या खेपेला चूक गिअरची आहे.
कड्या झिजल्यात, खोललं तर पितळेची पूड निघेल.
“चौदाशे रियाल कमी.”
मुरादनं दाढी खाजवली. इब्रीचा कुणी डॉक्टर येणार होता म्हणे,
दुपारी, गाडीनं ऊन खाल्ल्यावर.
“येऊ दे. त्यालाही सांग, पहाटे ये.”

नऊशेवर तुटलं.

तो कागद आणायला आत गेला तेवढ्यात
तिला वळणापर्यंत नेलं, एकटीनंच.
दाब. न्यूट्रल. सोड. श्वास.
पायही माझाच होता आता.
दुसरा असा गेला,
जशी दुपारी निजलेल्या घरात कुणी कडी लावावी.

परत येताना विसरले.
करकर.
नऊशे रियालची.