आउटर

बँडचं नाव आम्ही ठेवलं होतं 'आउटर'.
गाव दिसत असताना गाडी जिथं उगीचच थांबते, ती जागा.
सन सत्त्याऐंशी, भुसावळ,
रेल्वे इन्स्टिट्यूटचा बॅडमिंटन हॉल, तासाला चार रुपये,
खिडकीतून दीपनगरच्या चिमण्या दिसायच्या धुरासकट
आणि आत लाइट गेलेली.

डेस्मंड हार्वे गायचा. बाप लोको शेडमध्ये फोरमन.
जुम्मा तडवीकडं एकच खरा ड्रम, बाकी तेलाचे डबे.
प्रल्हाद सुरवाडे दिवसभर वरणगावला काडतुसं मोजायचा,
संध्याकाळी लीड.
मी बेस. आई शेवटपर्यंत विचारत राहिली,
"तुह्या त्या पेटीतून आवाज कवा येईन रे?"

तारा मुंबईहून यायच्या, गार्ड झोपेकाकांच्या डब्यात,
पोळ्यांच्या खाली गुंडाळून. पहिली तार नेहमी तुपकट.
मे महिन्यात सत्तेचाळीस डिग्री,
सूर लावून मान वर करावी तर तो उतरलेला.
आम्ही वाईट वाजवायचो की ऊन वाजवायचं,
हे कधी ठरलं नाही.

कार्यक्रम एकूण सहा.
सहावा फैजपूरला, कुणाच्या तरी लग्नात.
नवऱ्याचा मामा म्हणाला, नाचता येईल असं वाजवा.
प्रल्हादनं डोळे मिटले आणि त्याचा तुकडा सुरू केला,
सोळा आवर्तनांचा, असं तो म्हणायचा.
बारा, असं मी म्हणायचो
आणि बाराव्यालाच परत आलो, नेहमीसारखा.
तो थांबला. माइक चालू होता.
जे बोललो ते वऱ्हाडानं ऐकलं.
परतीच्या टेम्पोतून सावद्याच्या फाट्यावर
प्रल्हाद उतरून गेला, गिटार टेम्पोतच ठेवून.
ती जुम्मानं पोहोचवली. मी नाही गेलो.

मग डेस्मंड पर्थला.
जुम्मा केळीच्या लिलावात.
मी पार्सल ऑफिसात, एकतीस वर्षं,
दुसऱ्यांच्या पेट्यांची वजनं करत.
प्रल्हादचं कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता.

यंदा डेस्मंड आला. टक्कल, गुडघ्याला पट्टा,
इंग्रजी पार बदललेली, नाकातून.
पण स्टेशनवर उतरल्या उतरल्या म्हणाला,
"काय भो, केयी काय भाव चालू हाये?"
ळ चा य तसाच ठेवला होता त्यानं,
समुद्रापलीकडं, छत्तीस वर्षं, कुणाशी बोलून कोण जाणे.

इन्स्टिट्यूटला कुलूप. म्हणून जुम्माच्या पोराच्या
रायपनिंग चेंबरमध्ये जमलो.
बाहेर शेहेचाळीस, आत सोळा.
मे महिन्यात आम्ही तिघं म्हातारे स्वेटर घालून,
भोवती छतापर्यंत क्रेट, हिरव्यातून पिवळ्याकडं निघालेले,
दारात चार हमाल, गार हवेला आलेले.
तारा लावल्या. एक गाणं झालं, दुसरं झालं,
तारा जागच्या हलल्या नाहीत.
जुम्मा म्हणाला, म्हणजे ऊनच होतं रे तवा.
मी काही बोललो नाही. सगळंच ऊन नव्हतं.

मग ते गाणं. प्रल्हादच्या तुकड्यापाशी आलो
आणि हात थबकले.
किती मोजायचं रिकामं?
"सोया," डेस्मंड म्हणाला.
"बारा," मी. तोंडातून निघूनच गेलं.
प्रल्हादची मुलगी गिटारची पेटी घेऊन आली होती,
उघडली नव्हती, क्रेटवर बसून होती.
"चौदा," ती म्हणाली.
"पप्पा रोज जेवताना ताटावर वाजवायचे.
आई चिडायची. मी मोजायचे. चौदाच."

चौदा.
म्हणजे तोही खाली उतरला होता दोन पायऱ्या,
एकटाच, जेवता जेवता,
आणि मला निरोप धाडला नव्हता.

जुम्मानं काडी आपटून ठेका दिला.
मी बेस धरला. एक. दोन.
बाराव्याला बोटं सवयीनं वर निघाली,
दाबून धरली.
तेरा.
कॉम्प्रेसर घरघरत होता.
हमालांपैकी एकानं विचारलं, "बंद पडलं का?"