विषम तारीख

कर्वेनगरात, आमच्या गल्लीत, तारीख विचारावी लागत नसे.
खिडकीतून वाकून पाहिलं की कळायचं:
गाड्या गिरणीच्या बाजूला, म्हणजे विषम.
आमच्या कुंपणाला टेकलेल्या, म्हणजे सम.
घोळ फक्त महिनाअखेरीचा.
एकतीसनंतर एक. विषमला लागून विषम.
हसबनीसांची स्कूटर तेव्हा
सलग दोन रात्री जागची हलत नसे,
आणि हसबनीस म्हणत, "तिची सुट्टी."

मी फॉल-पिको करते. दुकान म्हणजे
जिन्याखालची जागा, एक मशिन, एक बल्ब.
समोर ढमढेरेंची गिरणी.
पट्टा फिरू लागला की माझी सुईही थरथरायची.
दळण टाकायचं, साडी टाकायची,
तेवढ्यात पारूबाईंकडची कोथिंबीर,
स्कूटर चालू ठेवून, पाच मिनिटांत.
त्या पाच मिनिटांवर आमची तीन घरं चालायची.

मग गिरणीपलीकडच्या तीन सोसायट्या मिळून
बावीस मजले व्हायचे ठरले.
हिरवे पत्रे लागले.
पत्र्यांच्या आत एक बहावा गेला
आणि पी-वनची पाटी गेली.
बहाव्यासाठी अर्ज झाले.
पाटीचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

जोशीबाईंच्या बंगल्यात कॅफे आला.
त्याच्या गाड्या दोन्ही बाजूंना,
सम नाही, विषम नाही,
रोज शनिवार असल्यासारख्या.
मधून मिक्सरचा ट्रक शिरला की गल्ली आवंढा गिळते.
डबा घेऊन कोण थांबणार?
ढमढेरेंनी दिवाळीच्या भाजणीपर्यंत वाट पाहिली,
मग पट्टा उतरवून गुंडाळला,
घरी आल्यावर कमरेचा काढून ठेवावा तसा.
त्यांचा पुतण्या संग्राम आता कॅफेच्या दारात
शिट्टी वाजवतो: येऊ द्या, येऊ द्या, बास.

कॅफेने मला चाळीस ॲप्रन दिले शिवायला.
खाकी, पुढे खिसा.
मी नाही म्हटलं नाही.
पैसे त्याच मिनिटाला आले, मोबाईलवर.
ढमढेरेंना सांगायचं राहून गेलं.

परवा एक तारखेला टेम्पो आला, नंबर पुकारत.
हसबनीसांची स्कूटर हवेत.
ते बनियनवर धावत खाली,
हातात भिंतीवरचं कॅलेंडर, खिळ्यासकट.
"आज एक! काल एकतीस! बरोबर बाजूला लावलीय!"
टेम्पोवरचा पोरगा खरं तर चांगला होता. म्हणाला,
"काका, तारीख बरोबर आहे. पाटी कुठाय?"
आम्ही सगळ्यांनी पत्र्यांकडे पाहिलं.
पत्र्यावर निळाशार तलाव,
त्यात एक बाई एकटीच पोहत होती.

दंड भरून स्कूटर आली.
अजूनही रात्री, मी शटर ओढत असताना,
हसबनीस किल्ली घेऊन उतरतात,
ही बाजू पाहतात, ती बाजू पाहतात.
"आज किती?" विचारतात.
मी मोबाईल काढून बघते,
मग सांगते.