अनुभवाचा रकाना

डुलुथच्या लायब्ररीत, तळमजल्यावर,
हीटरशेजारचं टेबल माझं.
दर मंगळवारी मुलं येतात रेझ्युमे घेऊन,
दारात बूट आपटतात,
तरी बर्फाचं पाणी गालिच्यावर येतंच.

आज सिग्ने लाहती. वय सतरा.
नाव, पत्ता, शाळा, एवढं भरलेलं.
‘अनुभव’च्या खाली पेन्सिलीची एक आडवी रेघ,
तीही अर्धवट खोडलेली.

“काहीच केलं नाही मी.
म्हणजे, पैसे मिळतील असं.”

गुरुवारी काय करतेस?
“चर्चच्या तळघरात धान्यवाटप असतं. डबे लावते.”
नुसते लावतेस?
“तारीख उलटलेले बाजूला काढते.
मिसेस ओडेगार्डना बारीक अक्षर दिसत नाही,
मीठ किती ते वाचून दाखवते.”
कधीपासून?
“नववीपासून.”

मी लिहितो: साठा व्यवस्थापन, ग्राहकसेवा.
ती वाकून बघते.
“हे कोण?” विचारते.
मी खोडतो. लिहितो: डबे लावते. वाचून दाखवते.
सव्वादोन वर्षं, एकही गुरुवार न चुकवता.

आणि हिवाळ्यात?
“रिंक,” ती म्हणते, आणि पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसते.
“गल्लीतल्या पोरांची. रात्री दहानंतर पाणी सोडायचं.
पातळ थर. थांबायचं. मग दुसरा.
घाई केली की पोपडे धरतात,
सकाळी कुणाचा तरी दात पडतो.”
उणे वीसमध्ये?
“उणे वीस बरं. उणे पाचला नीट गोठत नाही.”

चाळीस वर्षं मी खनिजाच्या गोदीवर होतो,
दर पंधरवड्याला पगार, शेवटी एक घड्याळ.
त्यावर एका ओळीपलीकडे मला लिहिता आलं नसतं.
हिच्या पाण्याच्या पाइपालाच
पाच ओळी लागल्या.

आजोबांच्या डायलिसिसचं मात्र तिनं लिहू दिलं नाही.
“ते काम नाही,” म्हणाली.
मी वाद घातला नाही.

निघताना मफलर गुंडाळत विचारते,
“तुम्हाला इथे किती देतात?”
कॉफी, मी म्हणतो.
तीही घरूनच आणतो.
बायको म्हणते, घरचं खाऊन
लष्कराच्या भाकऱ्या.

सिग्ने हसत नाही.
कागद पुन्हा उघडते,
‘संदर्भ’च्या रकान्यात
रिंकचे दिवे मालवणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव घालते,
नंबर पाठ आहे तिला,
आणि त्याखाली, न विचारता,
माझं.