वजा, अधिक

लॅमिंग्टन रोडला, जिन्याखालच्या साडेचार फुटांत
माझं दुकान होतं. उभं राहिलं की डोकं आपटायचं,
म्हणून मी गिऱ्हाइकाशी बसून बोलायचो
आणि गिऱ्हाईक वाकून.

कासाराच्या काठीवर बांगड्या असतात
तशा खांबाला ओवलेल्या पन्नास-पन्नास कोऱ्या डीव्हीडी.
लोक विचारायचे, वजा घेऊ की अधिक?
मी विचारायचो, घरचा प्लेअर कधीचा?
जुना असेल तर वजा. जुन्या यंत्रांना वजा समजतं.
अधिकचं अधिक महिन्यासारखं,
पंचांगात बसतो, सगळ्यांच्या हिशेबात बसत नाही.
डब्यावर चार पूर्णांक सात, कॉम्प्युटर म्हणतो चार अडतीस.
भांडू नका. वरातीतला बँड कापा.
आणि सोळाच्या वेगाने भरू नका हो,
चारने भरा, चहा घ्या तोवर.

द्रौपदी नाखवा वरळी कोळीवाड्यातून आली
भर दुपारी, मासळीची पाटी रिकामी करून.
दुधाच्या पिशवीत दोन टेपा, मुलाच्या लग्नाच्या.
भिंतीवर मी लिहिलं होतं : येथे डीव्हीडी बर्न करून मिळेल.
तिनं अक्षर लावत वाचलं.
"बर्न म्हंजे?"
"जाळणे."
"लगीन जालतान का रं कुनी, मेल्या?"

शब्द मी त्याच संध्याकाळी खोडला.
भरून मिळेल, असं लिहिलं. ओटीसारखं.

मग नेहमीचं सांगितलं :
ही जांभळ्या पाठीची, गोंदणासारखी, एकदाच.
ही राखाडी, शाळेतल्या पाटीसारखी,
हजारदा पुसा. पंधरा रुपये, पंचेचाळीस रुपये.
लग्नाला सगळे पंधराचीच नेतात.

"लेकीला आलिबागला एक साधी दे," ती म्हणाली.
"घरात आनखी एक साधी. आनि एक पुसायची, माज्यापाशी."
मी हसलो. लग्न कुणी पुसतं का?
ती खांबावरच्या चळतीकडे बघत राहिली.
"सून म्हायेरला हाय. दोन महिनं झालं.
आली तर लगीन.
नाय आली तर त्याच्यावर नारली पुनव भर."

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं,
म्हणून मी माहिती दिली.
शेवटी फायनल करावी लागते, म्हटलं,
नाहीतर दुसऱ्याच्या घरात चालत नाही.
पण हिची गंमत अशी, बंद केली तरी पुसता येते.
"बरी हाय ही जात," एवढंच बोलली
आणि पुड्यातून सुट्टे पैसे मोजले, ओलसर,
दोन रुपये कमी. मी सोडले.

नारळी पौर्णिमा आली, गेली. ती आली नाही.
पुढच्या वर्षीही नाही.
मग लोकांनी विचारणंच सोडलं वजा की अधिक.
मी मोबाइलची कव्हरं लावली,
रिकाम्या खांबांवर चार्जरच्या वायरी गुंडाळल्या,
एक जुना ड्राइव्ह मात्र ठेवला, कुणी अडलं तर.

परवा एक बाई आली. सोबत उंच मुलगा, मिसरूड फुटलेला,
त्याचं डोकं जिन्याला लागलं.
पिशवी तीच नसेल, पण दुधाचीच.
दोन डीव्हीडी, सासूच्या कपाटातल्या. सासू गेली मार्चमध्ये.

जांभळी आधी घातली. हळदीपर्यंत आली आणि अडकली.
खाऱ्या वाऱ्यानं कडेचा रंग खाल्ला होता,
चौकोन चौकोन होऊन नवरा मुलगा विरघळला.
राखाडी घातली.
ड्राइव्ह गुरगुरला, थांबला, पुन्हा गुरगुरला,
आणि अक्षता पडल्या. सगळ्या.
मुलगा म्हणाला, आई, तू किती बारीक होतीस.

तिनं राखाडी हातात घेऊन उलटसुलट केली.
"ही वेगळ्या रंगाची का घेतली असेल त्यांनी? महाग असते ना?"

मी एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाला फॉरमॅट कधी चुकीचा सांगितला नव्हता.
"जुन्या प्लेअरला," म्हटलं, "हीच चालायची."

पेनड्राइव्ह तिचाच होता.
भरून दिलं. तीस रुपये झाले.