भोरड्या

ज्वारी हुरड्यात आली की मी मचाणावर असतो.
दिवस उगवायच्या आत, गोफण घेऊन,
खिशात ओढ्यातले खडे, सुपारीएवढे.
पाखरं हाकलणं हे काय काम आहे,
बायको म्हणते.
काम आहे.

धावपट्टी आमच्या धुऱ्यापासून दीड कोसावर.
शिकाऊ विमानं दिवसभर डोक्यावरून
त्याच गोल वाटेनं,
खळ्यावरच्या बैलासारखी.
आवाजावरून सांगायचो, हे पोरगं नवं आहे.

ती शेतात एकदाच आली होती.
ओजस्वी टेंभरे, गोंदियाची.
सोबत तिघं-चौघं, हुरडा खायला.
आगटीपाशी हात काळे झालेले, तसेच
तिनं गोफण मागितली.
पहिला खडा मागं गेला,
वाघमोड्याच्या टाकीवर टण्णकन.
दुसरा माझ्याच पायाशी.
"काका, सोडायचं कधी, तेच कळत नाही."
मी म्हणालो, हात सांगतो.
तिसरा गेला.
कुठं पडला, कुणीच पाहिलं नाही,
सगळे हसत होतो.

बुधवारी धुकं लवकर विरलं.
थवा उतरला, हजारभर असतील,
अख्खं वावर गुलाबी-काळं.
मी गोफण फिरवली.
चादर झटकावी तशा उठल्या
आणि पूर्वेला वळल्या.
पूर्वेकडून ती येत होती, एकटीच.

आधी आवाज थांबला.
विमान नंतर.
मधल्या वेळात मी खिशातून
एक खडा काढून हातात धरला होता.
कशाला, माहीत नाही.

केरबा इंगळ्याच्या करडीत पडलं.
काट्यांतून पळालो, पोटऱ्या सोलल्या.
पंखावरची अक्षरं वाचता येतील
इतक्या जवळ गेलो.
त्याच्या पुढं जाता येईना.

चौकशीला दिल्लीहून दोघं आले.
करडी मोजली, माझी ज्वारीही मोजली.
पाखरं होती का?
पाखरं असतातच, म्हणालो.
त्या वेळेला?
होती.
कुणी उठवली, हे त्यांनी विचारलं नाही.

ज्वारी निघाली, सोयाबीन कमरेला आलं,
तेव्हा कॅप्टन दाणी आले, मोटारसायकलवर.
इंजनातली नळी चिरली होती म्हणाले,
कागद आलाय. पाखरांचा संबंध नाही.
मी कुणाला काही बोललो नव्हतो.
तरी हा माणूस एवढंच सांगायला
चिखल तुडवत बांधापर्यंत आला.
पाणी प्याले. तांब्या हातातच ठेवून म्हणाले,
"एकटीला सोडायची सही माझी होती.
तयार होती हो ती."

यंदा भोरड्या पुन्हा आल्यात.
गोफण आहे, हातही आहे.
पण उठवायच्या आधी मी वर कान देतो.
काही नसलं, तरच हुर्रर्र.
विमानं दिवसभर असतात.
चौथाई कणसं गेली, बायको मोजते.