मिनिटाला चार थेंब

उद्यमनगरात चौतीस वर्षं
मी पंपांची गळती धरली.
दहा किलोचं प्रेशर चढवायचं,
घड्याळ बघायचं,
कास्टिंगला घाम फुटला की खडूनं फुली.
इलाही मुल्लाणी म्हणायचा,
आण्णाप्पा, तुझ्या बोटाला डोळे आहेत बघ.

आता मीच फुलीचा माल.
मागल्या आषाढात प्रोस्टेट काढली.
तीन महिन्यांत आवरेल, डॉक्टर म्हणाले.
आठ झाले.
खुर्चीतून उठलो की गळतो.
शिंकलो की गळतो.
हसलो की, म्हणून तर
गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
इलाहीच्या किश्शाला मी हल्ली उशिरा हसतो,
आधी मांड्या आवळून.
त्याला वाटतं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतंय.
वाटू दे.

गच्चीवर रोज माझी चादर वाळते.
शेजारच्या कुंभोजकर वहिनींनी विचारलं, रोज धुता?
पद्मल म्हणाली, ह्यांना धुळीची ॲलर्जी आहे.
तेव्हापासून मला गल्लीत
अधूनमधून शिंकून दाखवावं लागतं.
आणि शिंकलो की, सांगितलंच वर.

मेडिकलवाला पाकीट पेपरात गुंडाळतो,
वर काळी पिशवी.
त्याच दुकानात, तरण्या वयात,
तिचं आणायला मी एकदाही गेलो नाही.
आता माझंही तीच आणते.
साइज विचारली की
विजारीचं माप सांगावं तशी सांगते, खणखणीत,
"लार्ज. पुरुषाचं."
मी बाहेर स्कूटरवर,
आरशात बघून केस विंचरत.
केस कुठले!

परवा कारखान्यातून फोन आला.
नवं पोरगं, डिप्लोमा झालेलं, श्रेणिक.
काका, ग्लँड गळतेय म्हणून आवळली,
तर शाफ्टच जळाला. दुसरा टाकला, तोही तापतोय.
याल का?
गेलो. डबल घालून.
जुन्या सवयीनं डब्याची पिशवी घेतली,
आत डब्याऐवजी एक जादाचा.

हात लावला. चटका बसला.
म्हटलं, लेका, इतकं आवळायचं नसतं रे.
ढिलं कर. अजून.
मिनिटाला चार थेंब पडलेच पाहिजेत,
त्या पाण्यावर आतली दोरी गार राहते.
एकही नको म्हणशील तर शाफ्ट खाशील.
पोरगं वहीत लिहून घेत होतं.
मी वाकून थेंब मोजत होतो,
पंपाचे मोठ्यानं,
दुसरे मनात.

मग संडासात गेलो, बदललं,
टाकायला बघतो तर
पुरुषांच्या बाजूला कचऱ्याची बादलीच नाही.
दरवाजामागं नाही, बेसिनखाली नाही.
चौतीस वर्षं त्याच संडासात येत-जात होतो,
लक्षातसुद्धा आलं नव्हतं.
गुंडाळलं, पिशवीत घातलं,
वरून चेन ओढली.

पोरांनी चहा पाजला, नारळ दिला.
नारळ पिशवीत घालायला श्रेणिकनं चेनला हात लावला,
मी जवळजवळ ओरडलोच,
नको, हातात दे.

उमा टॉकीजच्या चौकात पाय टेकून उभा राहिलो.
दोन गुडघ्यांत नारळ,
हँडलला पिशवी,
रोज संध्याकाळी सहाला लटकायची तशी,
फक्त तेव्हा तिच्यात चमचा वाजायचा.

दारात पद्मलनं हात पुढं केला.
म्हटलं, थांब, त्यात डबा नाही,
त्यात ते...
"माहिताय," म्हणाली.
पिशवी घेतली, नारळ माझ्याकडंच ठेवला,
आणि आत जाता जाता विचारलं,
"सापडली का गळती?"