खरं

आवक क्रमांक चौदाशे सात.
उत्कृष्ट व नवोपक्रमशील अध्यापनाचा पुरस्कार.
अर्ज तीन प्रतींत, दोन कन्नड, एक इंग्रजी,
आणि शेवटी एक चौकोन :
आपल्या नवोपक्रमाचे वर्णन करा, शंभर शब्दांत.
कामकर मॅडमनी त्यात लिहिलं होतं, विशेष काही नाही.
कुलसचिवांनी कागद माझ्याकडं सरकवला,
'मुतगेकर, तुम्ही भरा. तुम्ही त्यांचे विद्यार्थी ना?'

होय की.
दोनदा नापास झालेला.

वडगावातून त्या स्कूटरवरनं यायच्या,
पायाशी जकाटाच्या पुठ्ठ्यांची माळ,
घरच्या मागावरची, तेलकट, कडा कुरतडलेली.
वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टांगायच्या.
भोक आहे तिथं एक, नाही तिथं सोन्ने.
सोन्ने म्हणा, शून्य म्हणा, सिफर म्हणा,
ज्याच्या घरात जे म्हणतात ते म्हणा,
किंमत तेवढीच.
आम्ही हसलो.
दोन महिन्यांनी कळलं की आपण मॅट्रिक्स शिकालोय.

एकदा साडीचा तुकडा उलटा धरून विचारलं,
आता काय झालं?
मागच्या बाकावर इस्माईल सनदी,
तीन वर्षांत हजेरीशिवाय तोंड न उघडलेला,
उभा राहून म्हणाला,
पुढं एक आहे तिथं मागं सोन्ने, मॅडम.
आमच्या अब्बाला विचारा.
मॅडमनी खडू त्याच्या हातात दिला
आणि जाऊन बसल्या त्याच्या जागेवर,
सनदीचा डबा मांडीवर घेऊन,
तास संपेपर्यंत.

हे शंभर शब्दांत कसं बसवायचं?

आणि ती त्यांची सवय.
कुणी फळ्यावर सिद्धता मांडली
की शेवटच्या ओळीपर्यंत गप्प ऐकायच्या,
मग म्हणायच्या, बरोबर आहे. खरं...
आणि तिथंच थांबायच्या.
पुण्याहून आलेल्या एका सरांना हे कळेना.
खरं? म्हणजे पटलं ना तुम्हाला?
आम्ही सांगितलं, सर, आमच्या भागात
खरं म्हणजे पण.
त्यांनी मॅडमकडं बघितलं : मग यातलं नक्की कुठलं?
दोन्ही, मॅडम म्हणाल्या.
गणितात एकावर भागत नाही.

त्या एका शब्दानं मला दोनदा नापास केलं.
उत्तर आलेलं असायचं,
पुढचं दिसत नसायचं.

समारंभ झाला. फेटा, फळांची करंडी,
पाहुण्यांचं भाषण, माईकची शिट्टी.
स्मृतिचिन्हावर कामकरचं कामगार झालेलं.
प्रूफ मीच तपासलं होतं.
खुर्चीखाली जावंसं वाटलं मला.
मॅडमनी वाचलं, चष्मा वर केला,
'चालतंय की. आबांना आवडलं असतं.'

मग शाल पांघरली गेली.
टाळ्या चालू असतानाच त्यांनी तिचं टोक उलटं केलं,
अंगठा फिरवला मागच्या बाजूवर,
ओठ हलताना दिसले मला.
धागे मोजत होत्या बाई,
पाहुणे हात जोडून उभे असताना.

सोमवारी शाल फळ्यावर होती,
उलटी, चार टाचण्यांवर.
मी दारात, हजेरीपट घेऊन.
तासाला वाकलेली तीस-पस्तीस डोकी,
कुणी कन्नडात पुटपुटतंय, कुणी मराठीत,
एक पोरगी बोटावर मोजतीय.
मॅडम न वळता म्हणाल्या,
मुतगेकर, आत ये. तुझं राहिलंय अजून.

साहेबांची बेल वाजली, मी परत फिरलो.

अर्जाची प्रत माझ्याच फाईलीत आहे.
चौकोन काठोकाठ भरलाय,
नवोपक्रम, सहभाग, स्थानिक संसाधनं,
दोनदा मोजलेत, शंभरच आहेत.
एकही शब्द खोटा नाही.
खरं